पिंपावरची लोरीन

लोरीन मावशीनं आयुष्यात एकदाच नोकरी मागितली, तीही तोंडी. सतरा वर्षांची होती. माझ्या आजोबांच्या ट्रकमधून गावात आली, जुन्या महामार्गाच्या कडेला पिंपासमोर उतरली आणि खिडकीत वाकून आत तव्यापाशी उभ्या असलेल्या ओटो ब्रांडेसना म्हणाली, "तुम्हाला पोरगी हवीय असं ऐकलं."

ओटोंनी पुढं झुकून तिच्या पायांकडे बघितलं. बूट धड आहेत की नाही, एवढंच.

"पळता येतं?"

"डुकरांच्या मागं रोज पळते."

"मग गिऱ्हाइकांच्या मागंही पळशील," असं म्हणून ओटोंनी आतून एक ॲप्रन तिच्या अंगावर टाकला.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्न सालची. माझ्या जन्माला अजून अवकाश होता. पण माझी आई तिची थोरली बहीण, त्यामुळे हे सगळं मी इतक्यांदा ऐकलंय की आपण तिथंच उभे होतो असं वाटतं.

पिंप म्हणजे खरोखरचं पिंपच. तीसच्या दशकात मोटारी वाढल्या, तेव्हा आमच्या नेब्रास्कातल्या त्या रस्त्यावर जो तो वाटसरूंना थांबवायच्या मागं होता. कुणी कॉफीच्या किटलीच्या आकाराचं दुकान बांधलं, कुणी दुधाच्या बाटलीच्या. ओटोंना रूट बिअर विकायची होती. नावात बिअर असली तरी ते मुळांच्या अर्काचं गोड, फेसाळ पेय. चर्चमधून थेट आलेल्या आज्याही त्याचे दोन दोन ग्लास रिचवायच्या. म्हणून ओटोंनी पाण्याच्या लाकडी टाक्या बांधणारा माणूस गाठला आणि त्याच्याकडून जवळजवळ दुमजली उंचीचं पिंप बांधून घेतलं. उभ्या फळ्या, भोवती काळे लोखंडी पट्टे, बाहेरून तपकिरी रंग. पुढं एक झडप. ती वर उचलून खाली काठी लावली की दुकान उघडलं. आत तवा, तळणाची कढई, पेयाची टाकी आणि दोन माणसांपुरती जागा. त्यातलं एक माणूस बारीक असेल तर बरं.

पुढं ओटोंनी दोन्ही बाजूंना पत्र्याचं छप्पर काढलं. त्याची कड करवतीच्या दातांसारखी, रंग लाल-पांढरा, खांब मुद्दाम तिरके. त्याखाली गाड्या उभ्या राहायच्या. वर निऑनचा एक मोठा बाण. तो पिंपाकडे बोट दाखवायचा, जणू एवढं धूड कुणाच्या नजरेतून सुटणार होतं!

एमिल वाव्रा तिथंच भेटला. तो धान्याच्या कोठारावर कामाला होता. आमच्या होलूब गावातला सगळ्यात गप्प माणूस. मावशीनं पहिल्याच दिवशी त्याच्या पिकअपच्या अर्ध्या वर केलेल्या काचेला ट्रे अडकवला आणि वळली. मागून धडाड आवाज आला. एमिलनं काच खाली केली होती, आणि ट्रे, ग्लास, बर्गर, सगळं त्याच्या मांडीवर.

"अरे, काच कशाला खाली केलीस?"

"थँक्यू म्हणायचं होतं."

"काच वर ठेवून म्हणता येत नाही होय?"

दुसऱ्या दिवशी तो परत आला. खाल्लं, प्यायला, एक शब्द न बोलता गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. ओटो आतून म्हणाले, "काय गं, त्या पोराची वाचा गेली की काय? बघ जरा."

मावशी गेली. "बोलत का नाहीस रे?"

एमिल म्हणाला, "बोललो की सांडतं."

पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं. गावातल्या चेक लोकांच्या सोकोल हॉलमध्ये नाच झाला. माझी आई सांगते की एमिल काका नाचताना मोजत होता आणि त्याचे ओठ हलताना सगळ्यांना दिसत होते.

लग्नानंतरही मावशीनं पिंप सोडलं नाही. पोरं झाली नाहीत. त्याबद्दल मनात काय होतं ते तिनं कुणाला फारसं सांगितलं नाही. आम्ही भाचरं मात्र तिच्या घरात आणि पिंपाच्या मागच्या पायरीवर वाढलो. सकाळी ती खसखशीचं सारण भरून कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, भाजायची, दुपारी तव्यावर कांदा परतायची आणि त्या वासावर माणसं गाडी वळवायची. संध्याकाळी काका कोठारावरून सुटला की तिसऱ्या खांबाखाली पिकअप लावायचा, एकदाच हॉर्न द्यायचा, आणि ती एक ग्लास रूट बिअर घेऊन बाहेर जायची. मग आवरून दोघं घरी. रोजचं हे असं.

मग दक्षिणेला मोठा चौपदरी रस्ता झाला आणि गाड्या तिकडं वळल्या. त्या रस्त्यावर उतरायच्या जागी नवी दुकानं आली, गावोगाव एकाच साच्यातून काढलेली. आमच्या जुन्या रस्त्यावरची एकेक वस्तू गळायला लागली. किटली जळाली. पलीकडच्या गावात तंबूसारख्या छपराचं सँडविचचं दुकान होतं. त्याच्या खिडक्या विटांनी बुजवल्या, आत आधी टायरवाला आला, मग विम्याचं ऑफिस. छप्पर तेच राहिलं. आजही तिथं विम्याचा हप्ता भरायला गेलं की वर बघितल्यावर भूक लागते, असं आमचे लोक म्हणतात.

ओटो थकले तेव्हा त्यांनी मावशीला सांगितलं, "जमीन आमच्या घराची, पण पिंप तुझं. वाटेल तोवर चालव." तिनं चालवलं. दोन पोरींच्या जागी एक पोरगी ठेवली, मग तीही नाही. स्वतःच तवा, स्वतःच ट्रे. गिऱ्हाईक कमी झालं होतं, पण ओळखीचं होतं, आणि तिला ते पुरत होतं.

मावशीची साठी उलटली त्या वर्षी ओटोंचा पुतण्या रॉडनी ओमाहाहून आला. भला माणूस. टोपी हातात घेऊन खिडकीपाशी उभा राहिला आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिला.

"रॉडनी," मावशी म्हणाली, "कांदा करपतोय. काय ते सांगून टाक."

"जागा विकली, लोरीन. पेट्रोल पंप होणार आहे. पिंप पाडावं लागेल."

"बरं. कधी रिकामं करून देऊ?"

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"जुलै महिन्यात दुपारी इथं आत येऊन उभा राहा. मग मला विचार."

आणि ते खरंच होतं. तिचे गुडघे गेले होते. ती आईला म्हणाली, "आता मी सकाळी उशिरा उठणार आणि दुसऱ्यानं केलेलं खाणार." मला वाटलं उसनं अवसान आणतेय. पण नव्हतं तसं. ती आनंदात होती.

गाव मात्र पेटून उठलं. सोकोल हॉलमध्ये सभा भरली. बँकेतून निवृत्त झालेले लेलंड होसेक व्यासपीठावर उभे राहिले. त्यांचा आवाज भरदार होता आणि तो त्यांनाही आवडायचा.

"मित्रहो, पिंप म्हणजे नुसतं लाकूड नाही. पिंप म्हणजे या गावाचा आत्मा आहे!"

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून मावशी म्हणाली, "लेलंड, आत्म्याकडं शेवटचा जेवायला कधी आला होतास?"

हॉल खदखदून हसला. लेलंड लाल झाले. "डॉक्टरांनी मला तळलेलं बंद केलंय."

"आणि कॉफी?"

मग चर्चा झाली पिंप हलवायचं कुठं याची. शाळेचं मैदान नको, चेंडू लागेल. नदीकाठच्या बागेत पूर येतो. कुणीतरी लेलंड यांच्या घरापुढच्या हिरवळीचं नाव घेतलं, तर त्यांच्या बायकोनं नुसतं बघितलं आणि तो विषय तिथंच संपला. शेवटी एक समिती नेमली, तिनं एक उपसमिती नेमली आणि सगळे कोलाचे खाऊन घरी गेले. कोलाचे अर्थात मावशीचे.

घरी येताना काका पिकअपमध्ये गप्प होता. तो नेहमीच गप्प असायचा, पण मावशीच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या गप्प बसण्यातही प्रकार होते आणि हा प्रकार तिनं आधी पाहिला नव्हता. जेवायला बसल्यावर त्यानं काटा खाली ठेवला.

"ते पाडल्यावर संध्याकाळी मी कुठं जाऊ?"

तो निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. तरी रोज संध्याकाळी तो गाडी काढून गावात यायचाच.

"कुठं म्हणजे? घरीच बस. मी घरीच असणार आहे आता."

"घरी आहेच गं."

"एक ग्लास रूट बिअर तर पितोस. आणून ठेवते बाटल्या."

"मला रूट बिअर आवडत नाही."

मावशीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय आवडत नाही?"

"कधीच नाही आवडली. खोकल्याच्या औषधासारखी लागते."

"अरे देवा! मग चाळीस वर्षं प्यायलास ते काय?"

काकानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "हॉर्न दिला की तू त्या झडपेपुढून यायचीस. ट्रे घेऊन. खांबांमधून चालत. ते बघायला यायचो."

मावशी उठली आणि धुतलेल्या बशा परत धुवायला लागली. पाठ फिरवूनच तिनं विचारलं, "हे चाळीस वर्षांत एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही?"

"तू रोज यायचीसच की. सांगायचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ड्वेन स्टुकनहोल्ट्झला फोन लावला. ड्वेन घरं हलवणारा. त्यानं कोठ्या हलवल्या होत्या, गोठे हलवले होते, एकदा घंटेसकट अख्खं चर्च हलवलं होतं.

"पिंप? लोरीन, मी अजून गोल काही हलवलेलं नाही."

"गाडीची चाकं गोलच असतात ना? मग घाबरतोस कशाला? आणि समितीला अजून कळवू नकोस, नाहीतर भाषण करतील."

"न्यायचं कुठं?"

"माझ्या परसात. झाडांच्या रांगेपाशी."

समितीला अर्थातच कळलं. ऑक्टोबरात मक्याची काढणी झाल्यावर एका शनिवारी सकाळी सगळं गाव हजर. पत्र्याचं छप्पर आधीच उतरवलं होतं. ते वाचलं नाही, पत्रा इतका गंजला होता की हातात तुकडे आले. निऑनच्या बाणाची काच उतरवताना फुटली. मला रडू आलं. मावशी म्हणाली, "अगं, तो बाण गेली बारा वर्षं पेटतच नव्हता. काय रडतेस?"

ड्वेनच्या माणसांनी खालून तुळया सारल्या, जॅक लावले आणि पिंप सावकाश जमिनीवरून उठलं. खाली मातीचं एक वर्तुळ उघडं पडलं, त्यात कैक वर्षांचे हरवलेले चमचे. पिंप ट्रेलरवर चढलं. रेल्वेच्या पुलाखालून ते गेलं नसतं, म्हणून लांबच्या खडीच्या रस्त्यानं न्यायचं ठरलं होतं. पुढं ड्वेनचा ट्रक, त्यामागं पिंप, मागं गावचा आगीचा बंब, कारण बंबावरच्या स्वयंसेवकांनाही यायचं होतं आणि त्यांना दुसरं काही निमित्त नव्हतं. मग काकाची पिकअप, आणि मग आम्ही सगळे.

ह्रुश्कांच्या शेतापाशी रस्ता खडबडीत होता. त्या वर्षी पाऊस नव्हता आणि गेले कित्येक आठवडे तवाही बंद होता. आतली वाफ नाही, ओल नाही, फळ्या सुकून आकसल्या होत्या. ट्रेलरला एक हिसका बसला. वरचा लोखंडी पट्टा सुटून खणखणत खाली घसरला. पाठोपाठ दुसरा. आणि मक्याच्या कणसाची साल सुटावी तशा वरच्या फळ्या एकेक करून बाहेर झुकायला लागल्या.

ड्वेननं हात वर केला. सगळं थांबलं. लेलंडनी टोपी काढली.

"झालं," मावशी म्हणाली. "सरपण झालं."

तेवढ्यात काका पिकअपमधून उतरला आणि चक्क ओरडला. मी त्याला त्याआधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "पाणी मारा! आतून पाणी मारा!"

"काय?" ड्वेन म्हणाला.

"कोरडं पडलंय ते. कोठारावरची आगीसाठीची लाकडी टाकी अशीच करायची. दोर आवळा, पट्टे वर ठोका आणि भिजवा. लाकूड फुगलं की धरेल."

बंबवाल्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. नळी झडपेतून आत गेली. ड्वेनच्या माणसांनी भोवती दोर टाकले, पण माणसं कमी पडली, तेव्हा गावातले पुरुष, बायका, ज्याच्या हाताला दोर लागला तो ओढायला लागला. पाणी फटींमधून चोहोबाजूंनी उडत होतं. काका शिडीवर चढून हातोड्यानं पट्टा वर सरकवत होता, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. मावशी खालून ओरडत होती, "एमिल, खाली उतर! तुझं वय काय, तू करतोस काय!" आणि तो ऐकत नव्हता.

मग थांबायचं होतं. लाकडाला पाणी प्यायला वेळ लागतो. लोक दोर धरून चरात बसले. मावशीला रिकामं बसवेना. तिनं पिकअपचा मागचा फाळका पाडला, तिथं कापलेले पाव आणि सकाळीच भाजून आणलेला खिमा मांडला आणि दोर धरलेल्यांच्या तोंडासमोर सँडविच धरत रांगेतून फिरायला लागली. रांगेच्या टोकाला लेलंड होते. चांगले कातडी बूट घोट्यापर्यंत चिखलात, दोराचे दोन वेढे मनगटाभोवती.

"लेलंड, बूट गेले तुझे."

"जाऊ देत."

मावशी म्हणाली, "सोमवारी घरी ये. तेल न घालता अंडं करून देते. कॉफीही देते."

दुपार कलली तशी लाकडाची कुरकुर सुरू झाली. फटींमधलं पाणी आधी धारेनं येत होतं, मग थेंबाथेंबानं. ड्वेननं एका पट्ट्यावर हातोडी मारली. सकाळी खडखड वाजत होता, आता भरीव आवाज आला. "धरलं!" तो म्हणाला, आणि लोकांनी असा गलका केला की ह्रुश्कांची गुरं कुंपणापर्यंत बघायला आली.

पिंप ऊन उतरायच्या आत मावशीच्या परसात उभं राहिलं, किंचित कललेलं. ते सरळ करायला ड्वेन पुन्हा येणार होता. मावशी म्हणाली, "राहू दे. मीही थोडी कललेलीच आहे."

तिनं तिथं परत दुकान काढलं नाही. लोकांनी फार आग्रह केला, पण ती बधली नाही. आत तिनं बटाटे आणि कुंडीतली रोपं ठेवली. उन्हाळ्यात रविवारी मनात आलं तर झडप उघडायची आणि आम्हा घरच्यांपुरतं काही करायची. संध्याकाळी काका शेडमधून गाडी काढून परसाला वळसा घालून यायचा, आणि ती स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन निघायची. आता ट्रेमध्ये कॉफी असायची. जुन्या जागेवरचा पेट्रोल पंप सुरू झाला त्या दिवशी ती तिथंही गेली, फिरत्या लोखंडी दांड्यांवर भाजलेलं सॉसेज घातलेला पाव खाल्ला आणि म्हणाली, "खपेल."

आणि तिच्या हाती पहिल्यांदाच मोकळे दिवस आले. पुढच्या मे महिन्यात ती म्हणाली, "एमिल, आयुष्यभर लोक या रस्त्यानं कुठंतरी जाताना बघितलेत. ते कुठं जायचे ते बघून येऊ या." दोघं पिकअपनं जुन्या रस्त्यानं पश्चिमेला निघाले. कुठं काही ठरवलेलं नव्हतं. रस्त्यात एखादं तिरक्या खांबांचं छप्पर दिसलं की मावशी म्हणायची, "थांब." बहुतेक ठिकाणी गवत माजलं होतं. ती काचेला कपाळ लावून आत बघायची, तवा कुठं होता, झडप कुठल्या बाजूला होती.

एके ठिकाणी बर्गरच्या जुन्या दुकानात एक बाई नवऱ्यापोरांसह राहत होती आणि छपराखाली कपडे वाळत घालत होती. मावशी उतरली. दोघी तासभर बोलत बसल्या. बाई म्हणाली, "इथं राहतो म्हणून लोक हसतात. पण पावसात कपडे भिजत नाहीत बघा." मावशी मला पुन्हा पुन्हा सांगायची, "काय सुंदर दिसत होती ती चादर, लाल-पांढऱ्या पत्र्याखाली." तिथून निघताना तिनं त्या बाईला खसखशीचे कोलाचे दिले आणि बाईनं तिला कांद्याची पात दिली.

डोंगर दिसायला लागले त्या भागात त्यांना दुकान म्हणून बांधलेली एक मोठी दुधाची बाटली सापडली. पांढरी, चुन्यानं नुकतीच रंगवलेली, चालू. खिडकीत एक तरुण मुलगी. मावशीनं बाहेरच्या बाकावर बसून बर्गर मागवला. मुलीनं तो ट्रेवर ठेवून आणून दिला, कागदी रुमाल उडू नये म्हणून वर मिठाची बाटली ठेवली आणि विचारलं, "आणखी काही हवंय का, आजी?"

"नको गं. बस तू जरा, पाय दुखत असतील."

परत आल्यावर मी मावशीला विचारलं, कसा होता बर्गर?

"कांदा कच्चा होता," ती म्हणाली. "पण पोरगी चांगली होती. चटकन चालत होती."